ण बाणाचा

हे पुण्यात जाऊन सांगितलं तर एक माणूस विश्वास ठेवणार नाही, अशी देवदत्त सबनीसांची जिन्यातच खात्री पटली. आणि ज्यावर एक माणूस विश्वास ठेवणार नाही असं काही हाती लागलं की त्यांच्या गुडघ्यांत अजूनही, एकाहत्तराव्या वर्षी, जो जोर यायचा तो आला. घडलं होतं ते एवढंसं. ते बेकरीतून ब्रोटशन, म्हणजे सकाळचे गोल पाव, घेऊन परत येत होते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका बंद दाराआड कुणी बाई ‘ण’ म्हणाली. कायझर्सलाउटर्नमध्ये येऊन त्यांना सात आठवडे झाले होते आणि तेवढ्या दिवसांत घराबाहेर त्यांच्या कानावर एकही ण पडला नव्हता. जर्मन लोकांकडे तो नव्हताच. त्यांच्याकडे घशातला ख होता, ओठांचा चंबू करून काढायचा ऊ होता, पण जीभ मागे वळवून टाळूला लावायची आणि सोडून द्यायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. घरातला ण सुद्धा पातळ होत चालला होता. मुलगी ऊर्मिला दिवसभर इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन बोलून आली की पहिला तासभर तिचा ण न कडे कलायचा. सात वर्षांची नात इरा सगळं मराठी समजून उत्तरं जर्मनमध्ये द्यायची, त्यामुळे तिच्याजवळ ण आहे की नाही हे कळायला मार्गच नव्हता. आणि इथे, ऑक्टोबरातल्या ओल्या सकाळी, फरशी पुसायच्या साबणाच्या वासात, अगदी घट्ट, गोल, टाळूवरून सुटलेला ण. दाराआडची बाई पुन्हा तेच म्हणाली. चढत जाऊन अचानक तुटणारा सूर, आणि शेवटी ण. लगेच दुसरी बाई, गळा तयार, आवाज मोठा, तेच म्हणाली आणि शेवटी न. पुन्हा पहिली: ण. दुसरी: न. ढ मुलीला शिकवणीला बसवल्यासारखं चाललं होतं. पहिली बाई दर वेळी तंतोतंत तसंच म्हणते हे सबनीसांच्या उशिरा ध्यानात आलं. ती टेप होती. भाषा मराठी नव्हती, हिंदी नव्हती. पश्तू होती. सबनीसांनी ती ओळखली. ओळखणं भागच होतं, कारण देवदत्त सबनीस दोन वर्षं काबूलला होते हे साऱ्या एरंडवण्याला ठाऊक होतं.

त्यांनी घंटी दाबली. दार उघडणाऱ्या बाईची वेणी पांढरी होती, पाय अनवाणी होते आणि हातात व्हायोलिनहून थोडं थोराड वाद्य होतं.

“बाई, तुमचा न चुकतोय,” सबनीस इंग्रजीत म्हणाले. “मी दोन वर्षं काबूलला होतो.”

“गेनाऊ,” ती म्हणाली. अगदी बरोबर. “आम्हाला तो तीन आठवडे सापडत नाहीये. आत या.”

ही क्रिस्टीना. गावातल्या संगीतशाळेत व्हिओला शिकवायची आणि स्वतः संगीत रचायची. चार तंतुवाद्यं आणि एक गाणारी बाई एवढ्यांसाठी ती जे रचत होती त्याचे कागद सोफ्यावर, खिडकीत, इस्त्रीच्या टेबलावर पसरले होते. पठाणांच्या बायका आपापसात दोन-दोन ओळींची कवनं म्हणतात, तिने सांगितलं. पाणी भरताना, लग्नात, मयतीत. पहिल्या ओळीत नऊ अक्षरं, दुसरीत तेरा, शेवट न वर, ण वर किंवा म वर. कुणी रचलं ते कुणी सांगत नाही. सांगायचं नसतंच, कारण त्यात नवऱ्याची अब्रू असते. नातवाला आणायला संगीतशाळेत येणाऱ्या एका अफगाण आजींनी तिला सात कवनं टेपवर म्हणून दिली होती, माझं नाव कुठेही येता कामा नये या बोलीवर, आणि मग त्या मुलाकडे हॅम्बर्गला निघून गेल्या. नातवाने अर्थ सांगितला, क्रिस्टीनाने तो जर्मनमध्ये लिहून घेतला, पण उच्चार कोण सांगणार? स्टेशनजवळच्या भाजीवाल्याकडे ती टेप घेऊन गेली होती. तो गृहस्थ त्याच मुलखातला. त्याने अर्धा मिनिट ऐकलं, हात पुसले, यंत्र बंद केलं आणि म्हणाला, हे बायकांचं आहे, मी ऐकलेलं नाही. त्याने तिला एक कलिंगड मात्र फुकट दिलं. सबनीस हे सगळं मान हलवत ऐकत होते. काबूलमध्ये एका खानाच्या जनानखान्याच्या भिंतीतून टेलिफोनची तार नेताना आपण ही कवनं महिनाभर कशी ऐकली, तारेतून ती एक्स्चेंजपर्यंत कशी पोचली आणि सगळ्या शहराचे टेलिफोन दोन दिवस कसे गात होते, हे सांगायला त्यांनी तिथल्या तिथे सुरुवात केली. क्रिस्टीनाने पेन्सिल उचलली आणि टिपून घेतलं. असं टिपून घेणारं माणूस त्यांना आयुष्यात भेटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून, इमारतीतली दुपारची सक्तीच्या शांततेची वेळ संपली की, तीन वाजता शिकवणी सुरू झाली. गाणारी आनेग्रेट, दाराआडून न म्हणणारी तीच, उंचनिंच, थिएटरच्या कोरसमध्ये गाणारी, कष्टाळू बाई होती. ती सबनीसांच्या तोंडाकडे डॉक्टरसारखी बघायची. जीभ मागे, टाळूला, सोडा. अडचण अशी की टाळूला सबनीसांची कवळी होती. जीभ तिच्यावर टेकली की कवळी हलायची आणि ण च्या मागून एक बारीक शीळ निघायची. आनेग्रेटने चार दिवसांत ती शीळ इतकी हुबेहूब उचलली की क्रिस्टीनाने कागदावर ण च्या पुढे एक छोटासा बाण काढून ‘हवा’ असं लिहून ठेवलं. सबनीसांना हे कळलं होतं, पण बोलणार कसं? पश्तूमध्ये असंच असतं, ते म्हणाले. डोंगराळ भाग, वारा फार. पाचव्या दिवशी कुंदा, त्यांची बायको, चहाला बोलवायला म्हणून खाली आली आणि दारात चपला काढता काढता थांबली.

“अहो, हे काय शिकवताय त्यांना? शीळ?”

“तिकडचा उच्चार आहे तो.”

“कवळीचा उच्चार आहे,” कुंदा म्हणाली. ती आनेग्रेटसमोर जाऊन उभी राहिली, आनेग्रेट तिच्यापेक्षा हातभर उंच, आणि तिने तोंड उघडून जीभ वळवून दाखवली. तीस वर्षं कुंदा नगरपालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाची बाई होती. “न नळाचा. ण बाणाचा. म्हण, बाण.”

“बाण,” आनेग्रेट म्हणाली.

क्रिस्टीनाने रबर घेतलं आणि कागदावरचे सगळे छोटे बाण खोडायला बसली. त्या दिवसापासून सबनीस कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू लागले आणि कुंदा मधल्या स्टुलावर. ती टेप ऐकायची, मग तेच शब्द, एकाचाही अर्थ माहीत नसताना, स्वच्छ म्हणायची, आणि आनेग्रेट तिच्या मागून. सबनीसांना त्या खुर्चीवर बसवत नसे. हे काय होतंय ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. कुंदाचा आवाज असा मोठ्याने, सलग, त्यांनी फार वर्षांत ऐकलाच नव्हता. घरात ती बोलायची ते भाजी, गॅस, दूधवाला एवढंच. आणि हुंकार द्यायची.

कारण त्यांच्या संसाराची घडीच तशी बसली होती. सबनीस गोष्ट सांगत, लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, डॉक्टरच्या बाकड्यावर, आणि शेवटी मान वळवून विचारत, “होय ना गं?” आणि कुंदा म्हणे, “हूं.” त्या एका अक्षरावर गोष्ट उभी राहायची. लोक म्हणत, सबनीस थापा मारतात, पण वहिनी हूं म्हणतात म्हणजे काहीतरी असणार. उंटाने टेलिफोनची तार चघळली आणि त्याच्या पोटातून वजिराचं बोलणं ऐकू येऊ लागलं, हूं. थंडीत शब्द गोठून तारेवर लटकले आणि वसंतात सगळे एकदम वितळून कोसळले, हूं. तो हुंकार खरं मानल्याचा होता की नुसताच, हे सबनीसांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं. विहिरीवर रोज पाणी भरणारा माणूस विहिरीत वाकून बघतोच असं नाही. खरं सांगायचं तर ते काबूलमध्ये अकरा दिवस होते. चौऱ्याहत्तर सालच्या मार्चमध्ये टेलिफोन खात्याने पाच जणांना दोन वर्षांसाठी तिकडे धाडलं, स्टेशनवर हार घालायला निम्मं एरंडवणं आलं होतं, आणि बाराव्या दिवशी तो सगळा बेतच पुढे ढकलला गेला म्हणून पाचही जण दिल्लीत परत आले. उद्या पुन्हा जायचं, पुढच्या महिन्यात जायचं, असं करत ते तिथेच राहिले. हार घालून घेतलेल्या माणसाने अकरा दिवसांत परत यायचं कसं? पत्रांवर दिल्लीचा शिक्का असे. सरकारी थैलीतून येतात म्हणून, असं त्यांनी पहिल्याच पत्रात लिहून टाकलं होतं. करोलबागेत त्यांच्या खोलीखाली एक काबुली सुकामेवावाला होता. त्याच्याकडून पाच-पन्नास शब्द आणि वीस-पंचवीस हकिकती त्यांनी घेतल्या आणि पत्रांत भरल्या. प्रत्येक पत्रात बर्फ असायचा. बर्फ लिहिला की दूर असल्यासारखं वाटायचं. आणि ऑगस्टमध्ये, पंख्याखाली बनियन अंगाला चिकटलेला असताना, ऑफिसच्या शिपायाने तार आणून दिली. सुलेखा सिरियस, ताबडतोब निघा. सुलेखा त्यांची पहिली मुलगी, चौदा महिन्यांची. तार सकाळी साडेदहाला हातात पडली आणि संध्याकाळी गाडी होती. दीड दिवसात ते पुण्याला पोचले असते. त्यांनी बॅगही भरली होती. मग पलंगावर बसून हिशेब केला: काबूलच्या वर डोंगरात काम करणाऱ्या माणसाला ही तार कधी मिळेल, तो निघेल कधी, पोचेल कधी? पाच दिवस. दीड दिवसात पोचलं तर सगळंच उघडं पडलं असतं. तर ते पाच दिवस थांबले. लहान मुलांना ताप येतच असतो, असं स्वतःला सांगत त्या पाच दिवसांत ते एक सिनेमाही बघून आले. सातव्या दिवशी ते घरी पोचले तेव्हा पाळणा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. कुंदाने त्यांच्याकडे पाहिलं. “वाट बंद होती,” ते म्हणाले, “बर्फ.” आणि ती म्हणाली, “हूं.” तेव्हापासून तेहेतीस वर्षं झाली. महिनाभर राहून ते पुन्हा ‘काबूल’ला गेले होते, उरलेलं दीड वर्ष काढायला, जाणं भाग होतं. ही एक गोष्ट सोडून बाकी सगळ्या गोष्टी त्यांनी कुंदासमोर सांगितल्या. ही फक्त ती जवळपास नसताना. आणि दर वेळी तो बर्फ थोडा अधिक पडत गेला.

ऊर्मिलाला, दोन वर्षांनी झालेल्या या मुलीला, आपल्याला एक बहीण होती आणि बाबा तेव्हा परदेशात अडकले होते एवढंच माहीत होतं. तिच्या स्वतःच्या नवऱ्याची, गौरांगची, नोकरी वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कारखान्यात होती. सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी यायचा, कधी न यायचा. ऑक्टोबरातल्या त्या दुसऱ्या शुक्रवारी तिघं स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते. इरा टेबलाखाली काहीतरी चितारत होती. क्रिस्टीनाने कुंदासाठी म्हणून जर्मन अर्थाचा कागद दिला होता आणि ऊर्मिला तो वाचून सांगत होती.

“ही दुसरी. आल्झो, म्हणजे, एक बाई म्हणते की नवरा म्हातारा आहे, तो रात्रभर खोकतो, त्यामुळे चोर येत नाहीत. आणि तिचा जो कोणी आहे तोही येत नाही.”

“शी,” सबनीस म्हणाले.

“शी काय, बाबा? शंभर वर्षांचं असेल हे.”

कुंदाने शेंगेची शीर ओढली, हातातली शेंग मोडली आणि खाली बघूनच म्हणाली:

“म्हातारा रात्रभर खोके,
चोर फिरकेना, अन् तोही फिरकेना.”

ऊर्मिलाने कागद खाली ठेवला. “आई. तू हे आत्ता केलंस?”

“शेवटी ना यायला हवा म्हणाल्या ना तुझ्या क्रिस्टीनाबाई. मराठीत आयता येतो.”

ऊर्मिला हसायला लागली. तिला हसताना खोकला आला, त्यावर दोघी आणखी हसल्या, सबनीसही हसले, आणि हसता हसता त्यांची बोटं पेरं मोजत होती. नऊ. तेरा. दुसऱ्यांदा मोजलं, नऊ आणि तेरा. “आणखी एक कर,” ऊर्मिला म्हणाली. “पाचवी. दार उघडं ठेवलंय, तो येणार म्हणून, पण.” कुंदाने तीन शेंगा मोडल्या.

“तू येशील म्हणून दार
उघडं ठेवलं, वारा आत येतो ना.”

तेवढ्यात फोन वाजला. गौरांग होता. मॅनहाइमची गाडी चुकली, आता उद्या सकाळी बघतो, मीटिंग लांबली. ऊर्मिला म्हणत होती, जा, जा, ठीक आहे, जेवून घे, आणि शेंगांची साल नखाने सोलत होती. तिने फोन ठेवला. “गाडी चुकली म्हणे,” ती म्हणाली. “हूं,” कुंदा म्हणाली. तो हुंकार सबनीसांनी प्रथमच बाहेरून ऐकला, दुसऱ्या कुणासाठी दिलेला. त्यात विश्वास नव्हता, अविश्वासही नव्हता. सासू जावयाची चादर नीट करते तसा तो होता, आत कोण झोपलंय ते न बघता.

मग तो मंगळवार. ऊर्मिला कामावर, इरा शाळेत, बाहेर ढग इतके खाली की दुपारी दिवा लावावा लागला. कुंदा ओट्याशी उभी राहून चेस्टनट सोलत होती. इथल्या जंगलात ते खाली पडलेले असतात आणि कुणीही वेचून आणावेत, याचं तिला फार कौतुक वाटे. सबनीस पेपरातली चित्रं बघत होते. ती पाठमोरीच म्हणाली, पहिलीच्या मुलांना कविता सांगावी तशा आवाजात:

“वाट म्हणे बंद पडली,
निरोप कसा तो तिथवर गेला ना.”

सबनीसांचं बोट पेरावर गेलं आणि तिथेच राहिलं. मोजायची गरज नव्हती. ओट्यावर सालं पडण्याचा आवाज येत होता.

“ही कुठली?” त्यांनी विचारलं. “कागदावर आहे?”

“असेल,” कुंदा म्हणाली. “तुम्ही चहा घेणार का?”

उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. निरोप तारेतून जातो, तारेला बर्फ अडवत नाही. टेलिफोन खात्यातल्या माणसाला एवढं झोपेतही सुचतं. पण तिने विचारलं कुठे होतं? कवन होतं ते, त्याला उत्तर देता येत नव्हतं. चहा न घेता ते चपला घालून दुसऱ्या मजल्यावर गेले. क्रिस्टीना विद्यार्थ्याची वाट बघत व्हिओलाच्या गजाला राळ लावत होती. सातही कवनं सांग, त्यांनी म्हटलं, एकेक. तिने सांगितली. पाणी, म्हातारा, बांगडी, लढाईतून पळून आलेला, दार, दुष्काळ, सवत. “वाट बंद झाल्याचं नाही? निरोप?” “नाइन,” क्रिस्टीना म्हणाली. “असं सुंदर असतं तर मी सोडलं असतं का, हेर सबनीस?” तिच्या खोलीतल्या आरशात त्यांना एक म्हातारा दिसला, ज्याचं तोंड किंचित उघडं होतं आणि कवळी खाली सरकली होती. जिन्यात ते बराच वेळ कठड्याला धरून उभे राहिले. तिला माहीत होतं. पण काय माहीत होतं? वाट बंद नव्हती एवढंच, की दिल्लीही? की सिनेमाही? केव्हापासून? तेहेतीस वर्षांतल्या एकेका हुंकाराकडे त्यांनी मागे वळून पाहिलं, लग्नातल्या, डब्यातल्या, बाकड्यावरच्या, आणि प्रत्येक हुंकार आता बंद दारासारखा दिसत होता. आत दिवा आहे की अंधार, फटीतून कळत नव्हतं. आणि तरीही, ही कबुली त्यांनी स्वतःलासुद्धा चोरून दिली, त्यांना वाटलं होतं की नऊ आणि तेरा किती नेमके बसलेत.

सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. बाई सत्तरीला आली, आपण सत्तरी ओलांडली, कुणीतरी आधी जाणार. ही गोष्ट न सांगता आपण गेलो तर कुंदा भिंतीवरच्या आपल्या फोटोकडे बघूनही हूंच म्हणेल, तेवढं एक त्यांना सोसणार नव्हतं. शनिवारी ते तिला घेऊन गावाबाहेरच्या जंगलात गेले. पायाखाली पानांचा चिखल होता. बीच नावाच्या झाडांची खोडं ओली, करडी, हत्तीच्या पायांसारखी. चालताना कुंदा वाकून चेस्टनट वेचत होती आणि त्यांच्या कोटाच्या खिशात टाकत होती. “मला तुला काही सांगायचंय,” ते म्हणाले. “बोला,” ती म्हणाली आणि खरंच थांबली, हातातली पिशवी खाली ठेवून, त्यांच्याकडे तोंड करून. तिच्या भुवयांवर धुक्याचं पाणी होतं. बोला, असं ती किती दिवसांनी म्हणाली होती. त्यांनी तोंड उघडलं. काबूलला ना, ते म्हणाले, असंच एक जंगल होतं, त्यातला एक उंट, आणि ते ऐकत राहिले की आपलं तोंड उंटाची गोष्ट सांगतंय, नवी, कधीच न सांगितलेली, चांगली गोष्ट, आणि ती थांबवता येत नाही. कुंदाने पिशवी उचलली. “हूं,” ती म्हणाली.

आणि त्याच संध्याकाळी क्रिस्टीना वर आली. कार्यक्रम पुढच्या रविवारी सकाळी अकरा वाजता, वाचनालयाच्या दिवाणखान्यात. सात कवनं झाली की हेर सबनीसांनी पाच मिनिटं बोलावं. तो मुलूख पाहिलेला तिच्या ओळखीत दुसरा कुणी नाही. तिने एक शब्द वापरला, त्साइटत्सॉइगे.

“म्हणजे काय?”

“साक्षीदार, बाबा,” ऊर्मिला म्हणाली. “त्या काळाचा साक्षीदार. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय तुमचं नाव. आईचं पण आहे, उच्चार मार्गदर्शन म्हणून.”

“माझं कशाला?” कुंदा म्हणाली. “त्या टेपवरच्या बाईंचं नाही, आणि माझं का? काढायला सांग.”

“छापून झालं, आई.”

“मग पट्टी चिकटवा.”

क्रिस्टीनाने खरोखरच साठ कागदांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. सबनीसांचं नाव तेवढं राहिलं.

आठवडाभर त्यांनी एकच वाक्य पाठ केलं. मी काबूलमध्ये अकरा दिवस होतो. इंग्रजीत ते फार सोपं होतं, मराठीत कठीण. दाढी करताना, ब्रोटशनच्या रांगेत, इराच्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून ते वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की त्यातला अर्थ गेला आणि नुसती अक्षरं उरली. त्यांना वाटलं, आता ते बाहेर पडेल. अर्थ नसलेली वाक्यं माणसाच्या तोंडातून सहज पडतात. चाळीस लोकांसमोर बोललं की परत घेता येणार नाही, घरी पलंगावर बोललं तर घेता येईल, असाही त्यांचा विचार होता. थोडक्यात, आपण शूर होतोय अशी त्यांची समजूत झाली होती.

रविवारी दिवाणखान्यात ओल्या कोटांचा वास होता. बहुतेक माणसं म्हातारी होती. गौरांग या खेपेला आला होता आणि इराला घेऊन मागे बसला होता. कुंदा पहिल्या रांगेत, ऊर्मिलाशेजारी, राखाडी शाल पांघरून, हात मांडीवर. वाद्यं लागली. सुरुवातीला नुसता घासल्यासारखा आवाज होता, जातं रिकामं फिरवल्यासारखा, मग त्यातून व्हिओला एकटीच वर आली आणि आनेग्रेट गायला लागली. सबनीस डोळे मिटून बसले. शब्द कळत नव्हते, पण तोंड ओळखीचं होतं. आनेग्रेटच्या त्या मोठ्या थोरल्या गळ्यातून कुंदाचं तोंड गात होतं, कुंदाची जीभ, कुंदाचा टाळू, प्रत्येक ओळीच्या टोकाला तो ण, न शीळ, न हवा, नुसता सुटलेला. चौथं कवन लढाईतून पळून आलेल्या नवऱ्याचं होतं. त्यात बाई त्याला काही म्हणत नाही, फक्त त्याची तलवार पुसून खुंटीला लावते, आणि तिच्यावर पुसण्यासारखं काहीच नसतं. ते चालू असताना चारही वाद्यं गप्प होती. सबनीसांना करोलबागेतला पंखा ऐकू आला. चौदा महिन्यांच्या मुलीचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, कधीच आठवत नसे. फक्त तिच्या टाळूवरची मऊ जागा, जिच्यावर तळहात ठेवला की खालून ठोके लागायचे. सातवं कवन संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्रिस्टीनाने हात पुढे करून त्यांना बोलावलं. ती त्यांच्या इंग्रजीचं जर्मन करणार होती.

“मी काबूलमध्ये,” ते म्हणाले, आणि थांबले. चाळीस चेहरे, सगळे वर उचललेले, टिपून घ्यायला तयार. पहिल्या रांगेतला एक चेहराही. त्याच्यावर काहीच नव्हतं, फक्त तो ऐकत होता. “मी काबूलमध्ये दोन वर्षं होतो.” क्रिस्टीनाने जर्मन केलं. माना हलल्या. आणि मग त्यांचे पाय सुटले. त्यांना स्वतःलाच ते लांबून दिसत होतं, उतारावरून सुटलेल्या गाडीतल्या माणसाला दिसावं तसं. काबूलच्याही वर, डोंगरात, एक्स्चेंज उभारत होतो. एके दिवशी तार आली. माझी मुलगी आजारी होती, चौदा महिन्यांची. मी त्याच तासाला निघालो. पण रात्रीतून बर्फ पडला होता. खिंड बंद झाली होती. एक खेचर मिळालं, ते मानेपर्यंत रुतलं. मी चालत निघालो. बरोबरचा पठाण म्हणाला, साहेब, परत फिरा, आणि मी म्हटलं, माझी मुलगी वाट बघतेय. तीन दिवस. पापण्यांवर बर्फ, मिशीवर बर्फ. तार छातीशी धरली होती, तिची अक्षरं ओली होऊन पुसली गेली, फक्त तिचं नाव उरलं. मी पोचलो तेव्हा. इथे थांबून त्यांनी रिकामी मूठ छातीशी धरली. आयुष्यात एकही गोष्ट त्यांनी इतकी चांगली सांगितली नव्हती. क्रिस्टीनाचा आवाज जर्मन करताना फुटला. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने पर्समधून रुमाल काढला. ऊर्मिला, जिने हे आजवर कधी ऐकलं नव्हतं, रडत होती, तिने आईचा हात धरला होता. सबनीसांना बर्फ दिसत होता. दिवाणखान्याच्या खिडक्यांबाहेर, टेबलांवर, लोकांच्या खांद्यांवर, सगळीकडे पांढरा, स्वच्छ, सगळं झाकून टाकणारा, आणि त्यात आपण खरोखरच चालत होतो याबद्दल त्यांच्या मनात त्या घडीला काही शंका नव्हती. आणि मग, चव्वेचाळीस वर्षांच्या सवयीने, गोष्ट संपली म्हणून, त्यांची मान पहिल्या रांगेकडे वळली.

“होय ना गं?” ते मराठीत म्हणाले.

कुंदाने ऊर्मिलाचा हात हळूच सोडवून तिच्या मांडीवर ठेवला.

“अहो,” ती म्हणाली, पहिलीच्या वर्गात शेवटच्या पाटापर्यंत ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात, “सुलेखा गेली तेव्हा श्रावण होता.”